बॅकप्लेट-विंग घेताय? आधी शिसं मोजा

प्रश्न असा आहे की स्कूबा डायव्हिंगच्या जॅकेट बीसीडीवर (हवा भरून तरंगणं कमी-जास्त करायचं जॅकेट) तीसेक डाइव्ह झाल्यात, आता स्वतःचा बॅकप्लेट-विंग सेट (पाठीवर प्लेट आणि तिच्या मागे हवेची पिशवी, ती विंग) घ्यायचाय, वजन ७५ किलो, सूट ५ मिमीचा, सिलिंडर बहुतेक वेळा ११ लिटरचा ॲल्युमिनियमचा आणि अधूनमधून १२ लिटरचा स्टीलचा, जॅकेटबरोबर खाली जायला कमरेला ६ किलो शिसं लागतं. तर प्लेट स्टीलची घेऊ का ॲल्युमिनियमची, विंग किती लिफ्टची म्हणजे किती किलो उचलणारी, पुढे ट्विन म्हणजे पाठीवर दोन सिलिंडर करायचेत म्हणून आत्ताच मोठी विंग घेऊन ठेवू का, आणि वर आल्यावर विंग तोंड पाण्यात ढकलते म्हणतात ते खरं का.

उत्तर आधी सांगून टाकतो. ॲल्युमिनियमचा सिलिंडरच जास्त वापरणार असाल तर ३ मिमीची स्टील प्लेट, १३ ते १५ किलो लिफ्टची सिंगल सिलिंडरसाठी बनवलेली डोनट (पूर्ण गोल) विंग, सलग एका पट्ट्याचा साधा हार्नेस (अंगाला बांधायचा पट्टा) आणि क्रॉच स्ट्रॅप (पायांमधून जाणारा पट्टा). मोठी विंग घेऊ नका. तोंड पाण्यात ढकलण्याबद्दल खाली लिहितो, ते निम्मं खरं आहे.

आता कारणं. ती समजून घ्या, कारण उद्या सूट बदलला की हे उत्तरही बदलणार. बहुतेक लोक प्लेट निवडताना ती किती मजबूत आहे, गंजेल का, दिसते कशी असलं बघतात. मजबुती सगळ्याच प्लेट्सना असते हो, ॲल्युमिनियमची प्लेट वाकवून दाखवा एकदा. प्लेटचा खरा प्रश्न एकच आहे, तुमच्या एकूण शिशापैकी किती वजन पाठीवर कायमचं बांधून टाकायचं. कारण प्लेट हे असं शिसं आहे जे पाण्यात टाकून देता येत नाही. म्हणून आधी एकूण किती वजन लागतं ते काढायचं, मग प्लेट ठरते, प्लेटवरून विंग ठरते. उलट्या क्रमानं गेलात की गडबड होते, आणि दुकानात नेमकं उलट्याच क्रमानं विकतात.

तुमचेच आकडे घेऊ. जॅकेटबरोबर ६ किलो लागतं, पण त्यातलं अर्धा ते एक किलो निव्वळ जॅकेटला बुडवायलाच खर्च होतं, कारण त्याच्या पाठीला आणि खांद्यांना फोम असतो आणि फोम तरंगतो. प्लेट आणि पट्ट्यात फोम नाही, म्हणजे ५ ते साडेपाच किलोत काम व्हायला हवं, आपण ५ धरू. ३ मिमीची स्टील प्लेट साधारण २.७ किलोची असते. ती पाण्यात स्वतःच्या आकारमानाएवढं पाणी बाजूला सारते त्यामुळे पाण्यात तिचं वजन २.३५ किलोच्या आसपास भरतं, पण शिसंही पाण्यात थोडं हलकं होतंच, १ किलोचं ९०० ग्रॅमच्या जरा वर. त्यामुळे शिशाच्या भाषेत ही प्लेट म्हणजे जवळजवळ २.६ किलोचा बेल्ट. त्यात सिंगल टँक ॲडॅप्टर (एकच सिलिंडर प्लेटला बसवायचा जोड) स्टीलचा असेल तर अर्धा-पाऊण किलो आणि डी-रिंग (क्लिप अडकवायच्या कड्या), बकल वगैरे मिळून पाव किलो. झाले साडेतीन किलोच्या आसपास. उरलं दीड किलो, ते कमरेच्या बेल्टवर किंवा सुटणाऱ्या खिशात. बसला हिशोब.

ॲल्युमिनियमची प्लेट ९०० ग्रॅमची धरली तर पाण्यात ती जेमतेम साडेपाचशे ग्रॅम भरते, कारण ॲल्युमिनियमची घनता २.७ आहे आणि स्टीलची ८ च्या जवळ. म्हणजे शिशाच्या भाषेत ०.६ किलो. साध्या शब्दात, स्टील घेतलं तर बेल्टवरचं २ किलो पाठीवर गेलं, ॲल्युमिनियम घेतलं तर ते बेल्टवरच राहिलं. एवढाच फरक आहे दोन्हीत, बाकी सगळी चर्चा हौसेची.

आता १२ लिटरचा स्टील सिलिंडर घातल्यावर काय होतं बघा. ११ लिटरचा ॲल्युमिनियम सिलिंडर भरलेला असताना किंचित बुडतो, पाऊण किलोच्या आसपास, आणि रिकामा झाला की पावणेदोन-दोन किलोनं तरंगायला लागतो. नवीन डायव्हरना वर येतानाच्या शेवटच्या थांब्याला टिकता येत नाही त्याचं हेच कारण असतं, आणि त्यांना वाटतं आपला श्वास चुकतोय. स्टीलचे १२ लिटरचे बहुतेक सिलिंडर रिकामे झाले तरी बुडतच राहतात, किती ते मॉडेलवर आहे, पण एक किलोच्या आसपास धरायला हरकत नाही. म्हणजे दोन्हीत डाइव्हच्या शेवटी अडीच-तीन किलोचा फरक. तुमच्या ५ किलोतून हे वजा केलं तर लागतं फक्त २, आणि स्टील प्लेट-ॲडॅप्टर मिळून आहेत साडेतीन. दीड किलो जास्त झालं आणि टाकून द्यायला हातात काहीच नाही. ॲडॅप्टर काढून कॅम बँड (सिलिंडर आवळायचे पट्टे) सरळ प्लेटच्या खाचांतून ओवले तर थोडं सुधारतं, तरी एक किलोभर जादा राहतंच.

म्हणून स्टीलचा सिलिंडर पाच-दहा डाइव्हमधून एकदा मिळणार असेल तर स्टील प्लेटच ठेवा आणि त्या दिवशी ॲडॅप्टर आणि बेल्ट दोन्ही घरी. पण निम्म्या वेळा स्टील मिळणार असेल, किंवा पुढे गरम पाण्यात ३ मिमी सूट घालून जास्त जाणार असाल, तर ॲल्युमिनियम प्लेट घ्या आणि गरज पडेल तेव्हा शिसं वाढवा. वाढवणं केव्हाही जमतं, प्लेटमधून वजन काढून टाकायची काही सोय नसते. बाजारात ६ मिमीच्या जाड स्टील प्लेट्स पण मिळतात, पाच किलोच्या वर जातात, त्या ड्रायसूटवाल्यांसाठी (आत पाणी शिरू न देणारा सूट) आहेत ज्यांना दहा-बारा किलो शिसं लागतं. तुमच्यासाठी नाही. प्लास्टिक, कार्बन, कापडी मऊ प्लेट्स हे सगळं प्रवासाच्या सोयीसाठी, पाण्यात त्यांचं वजन जवळपास शून्य धरा. प्रवासाचं म्हणाल तर स्टील प्लेट बॅगेत पावणेदोन किलो जास्त घेते आणि तेवढंच शिसं तिकडे गेल्यावर कमी मागून घ्यावं लागतं, विमानात सामानाची मर्यादा कडक असेल तर ॲल्युमिनियमची सोय होते, बास.

स्टील घेताना ३१६ ग्रेड आहे का विचारा. ३०४ पण चालतं पण ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं त्यानं खाऱ्या पाण्यात खड्डे पडत नाहीत लवकर. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खाचांच्या कडा. बोट फिरवून बघा, कड हाताला लागत असेल तर ती वेबिंग, म्हणजे हार्नेसचा पट्टा, कापणार, आज नाही तर वर्षानं. ॲल्युमिनियमची प्लेट ॲनोडाइज केलेली घ्या आणि तिला स्टीलचे बोल्ट लावलेत तर दर वेळी गोड्या पाण्यानं धुवा, दोन वेगळे धातू आणि खारं पाणी एकत्र आलं की ॲल्युमिनियम झिजायला लागतं. मधल्या दोन भोकांमधलं अंतर ११ इंच, म्हणजे २८ सेंटिमीटर, हे सगळीकडे ठरलेलं आहे, त्यामुळे प्लेट एका कंपनीची आणि विंग दुसऱ्या कंपनीची बिनधास्त चालते. नसेल हे अंतर तर ती प्लेट घेऊच नका.

विंगकडे येऊ. लिफ्ट किती लागते हे काढायच्या दोन परीक्षा आहेत आणि दोन्हीत जो आकडा मोठा येईल तो घ्यायचा.

पहिली, तुम्ही सेट पाण्यातच काढून सोडला तर तो एकटा तरंगायला हवा. भरलेला ॲल्युमिनियम सिलिंडर पाऊण किलो, रेग्युलेटर (श्वास घ्यायचं यंत्र) एक-सव्वा किलो, प्लेट आणि सामान तीन-साडेतीन किलो, झाले पाच-साडेपाच. शिसं सेटवरच्याच खिशात असेल तर ते दीड-दोन मिळवा. सात-साडेसात किलो.

दुसरी, तुम्ही आत असताना डाइव्हच्या सुरुवातीला खोलवर. सुरुवातीला हवेचं वजन जास्त असतं, हो हवेलाही वजन असतं, ११ लिटर गुणिले २०० बार म्हणजे २२०० लिटर हवा, लिटरला १.२ ग्रॅम धरले तर अडीच-पावणेतीन किलो. हे डाइव्हभर हळूहळू कमी होत जातं. दुसरं म्हणजे सूट दबतो. ३० मीटरवर दाब ४ बार, निओप्रीन रबरामधले बुडबुडे दबून पाव झाले की सूटची तरंगण्याची ताकद पण त्याच मानानं गेली, प्रत्यक्षात रबर थोडा विरोध करतं म्हणून दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश जाते म्हणू. ५ मिमी सूट वर चार किलो उचलत असेल तर खाली तीन किलो गेले. तीन आणि पावणेतीन, पावणेसहा. आणि पृष्ठभागावर डोकं पाण्याबाहेर काढून बोलायचं तर डोक्याचे चार-पाच किलो आणि हवेचे पावणेतीन, तेही सात-साडेसातच्या घरात.

म्हणजे काहीही केलं तरी आठ किलोच्या वर गरज जात नाही. थोडी गुंजाइश ठेवून १३ ते १५ किलोची विंग भरपूर झाली, खरं तर ११ ची पण चालली असती. ७ मिमीचा दुहेरी सूट असता, जो वर दहा किलोपर्यंत उचलतो आणि खाली सात गमावतो, तर मी १६ ते १८ म्हटलं असतं. तुमचं जॅकेट २० किलो लिफ्टचं असेल आणि १३ हा आकडा बघून छातीत धस्स होत असेल तर हा हिशोब परत एकदा वाचा.

आता मोठी विंग घेऊन ठेवण्याबद्दल. हा विचार सगळ्यांना येतो आणि सगळ्यांना तो काटकसरीचा वाटतो. ट्विनसाठीची विंग दोन सिलिंडरांच्या बाजूनं बाहेर यावी म्हणून रुंद कापलेली असते. तीच सिंगलला लावली की मधला सिलिंडर अरुंद, बाजूचं कापड जादा, मग हवा भरली की ती सिलिंडरभोवती द्रोणासारखी वर वळते. हवा घड्यांमध्ये अडकते, एका बाजूला जाते, तुम्ही कलता, डंप (हवा सोडायची झडप) ओढला तरी सगळी निघत नाही कारण डंप जिथे आहे तिथे हवा पोचतच नाही. आणि ती थोडी अडकलेली हवा वर येताना फुगते, नेमकी शेवटच्या पाच मीटरमध्ये जिथे दाबातला फरक सगळ्यात जोरात बदलतो. मोठ्या विंगमुळे पोहताना पाण्याचा अडथळा वाढतो तो वेगळाच. ट्विन करायला सुरुवात कराल तेव्हा प्लेट तीच, हार्नेस तोच, फक्त विंग दुसरी. ही पद्धत सुटी-सुटी बनवलीय ती याचसाठी.

डोनट का घोड्याच्या नालेसारखी, यावर लोक तासन्‌तास भांडतात. डोनटमध्ये हवा खालून पण फिरते त्यामुळे दोन्ही बाजू आपोआप सारख्या होतात आणि डाव्या-मागच्या डंपनं सगळी हवा निघते. नालेसारखीत उजव्या पायातली हवा काढायला थोडं उजवं अंग वर करून डावीकडे पाठवावी लागते. मी डोनट घेतो, पण कोणी चांगल्या अवस्थेतली अरुंद नाल देत असेल तर त्यावर अडून बसणार नाही. दोन ब्लॅडरवाली (आत हवेच्या दोन पिशव्या असलेली) विंग मात्र नको. कागदावर ती जादा सुरक्षा वाटते, प्रत्यक्षात दुसऱ्या इन्फ्लेटरमधून (हवा भरायच्या बटणातून) नकळत हवा शिरत राहिली तर तुम्ही पहिल्या विंगमधून काढत बसता आणि कळतच नाही वर का चाललोय. बंजी दोरीनं आवळलेल्या विंग्ज येतात त्या पण नको, फाटली तर दोरी उरलीसुरली हवा ढकलून बाहेर काढते.

विंग घेताना बाहेरचं कापड जाड आहे का, आतला ब्लॅडर वेगळा काढून बदलता येतो का, हे बघा. इन्फ्लेटरची ती सुरकुतलेली नळी ३५-४० सेंटिमीटरच्या आत असावी. डाव्या खांद्यावरच्या डी-रिंगपाशी बंजीच्या कड्यातून ती ओवायची, की हात छातीशी नेला की इन्फ्लेटर तिथेच सापडतो. लांब नळ्या कमरेखाली लोंबतात, खालच्या दगडाला घासतात आणि घाईत हाताला लागत नाहीत. उजव्या खांद्यावर ओढायचा डंप, नळीतून तार ओढून चालणारा डंप, असलं काही नको, जेवढी भोकं जास्त तेवढ्या गळायच्या जागा जास्त.

हे सगळं मुळात कुठून आलं ते सांगतो, म्हणजे काय उचलायचं आणि काय सोडायचं ते कळेल. उत्तर फ्लोरिडातले गुहांमध्ये डाइव्ह करणारे डायव्हर, त्यांच्यातला बिल होगार्थ मेन, ज्याच्या नावावरून या साध्या एकपट्टी हार्नेसला होगार्थियन म्हणतात. त्यांच्या पाठीवर ट्विन, उजव्या कमरेला दिव्याची बॅटरी, बरोबर अजून सिलिंडर. पुढे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या जीयूईसारख्या (ग्लोबल अंडरवॉटर एक्सप्लोरर्स) डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थांनी ही मांडणी जगभर पोचवली. गुहेत काही लोंबलं तर दोरीत अडकतो माणूस, म्हणून कमीत कमी सामान हा नियम. पण त्यातले कित्येक नियम गुहा आणि ट्विनसाठीचे आहेत, तुम्ही १८ मीटरवर सिंगल सिलिंडर घेऊन मासे बघताय तर सात फुटी होज (रेग्युलेटरची लांब नळी), बॅटरीचा डबा हे लगेच उचलायची गरज नाही. साधेपणा घ्या, अवडंबर नको.

हार्नेस. दोन इंची सलग वेबिंग, मध्यम कडक. फार मऊ असेल तर डी-रिंग खाली पडून राहतात आणि क्लिप लावता येत नाही, फार कडक असेल तर हात घालायला झटापट. छातीवर दोन डी-रिंग, डाव्या कमरेला एक जिथे एसपीजी (सिलिंडरचा दाब दाखवणारं मीटर) लागतो, क्रॉच स्ट्रॅपवर मागे एक. संपलं. खांद्याला गाद्या, छातीला आडवा पट्टा, प्लास्टिकच्या सुटणाऱ्या बकल्स असलेला ‘कम्फर्ट’ हार्नेस मिळतो, त्याची मला फारशी गरज वाटत नाही, गाद्या तरंगतात म्हणजे पुन्हा शिसं वाढवा, आणि प्लास्टिकचं बकल बोटीवर कोणाच्या तरी सिलिंडरखाली येऊन फुटतं. अपवाद दोन. खांदा दुखावलेला असेल आणि हात मागे जात नसेल तर सुटणारं बकल खरंच उपयोगी आहे, लाजू नका. आणि एकच सेट घरातले दोघं आळीपाळीनं वापरणार असाल तर.

खरं सुख हार्नेस बसवण्यात आहे आणि तिथेच लोक कंटाळा करतात. सूट घालून बसवा, टी-शर्टवर नाही. प्लेटची वरची कड अशा उंचीला हवी की खांद्यावरून हात मागे टाकला की बोटाची टोकं तिला लागतील, त्यापेक्षा खाली असेल तर पुढे सिलिंडरच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचणार नाही. खांद्याचे पट्टे सैल ठेवा. नवीन माणूस हमखास बॅकपॅकसारखे आवळतो, मग घालताना-काढताना मारामारी आणि पाण्यात हात वर जात नाहीत. पट्ट्याखालून पंजा आरामात सरकला पाहिजे. सेट जागेवर धरून ठेवायचं काम खांद्याचं नाही, कमरेचा पट्टा आणि क्रॉच स्ट्रॅप यांचं आहे. छातीच्या डी-रिंग काखेच्या घडीच्या उंचीला, त्यापेक्षा वर नको. कमरेचं बकल अगदी मधोमध येऊ देऊ नका, क्रॉच स्ट्रॅपच्या कड्यापासून जरा बाजूला घ्या, नाहीतर घासून उघडतं. क्रॉच स्ट्रॅप इतका की ताठ उभं राहिल्यावर ओढ बसत नाही पण प्लेट वर सरकत पण नाही. जादा वेबिंग लगेच कापू नका, चार-पाच डाइव्ह होऊ द्या, मग कापून टोक गरम करून बंद करा.

एक गोष्ट जोर देऊन सांगतो. वेट बेल्ट वेगळा घालणार असाल तर तो क्रॉच स्ट्रॅपच्या बाहेरून यायला हवा. आधी बेल्ट, मग वरून हार्नेस आणि क्रॉच स्ट्रॅप असं घातलंत तर बकल उघडल्यावर बेल्ट खाली पडतच नाही, स्ट्रॅपमध्ये अडकून मांड्यांमध्ये लटकतो. बेल्टचं बकल आणि हार्नेसचं बकल एकाच दिशेनं उघडणारी नकोत, घाईत भलतंच उघडेल. आणि तुमचा जोडीदार कायम जॅकेटवाला असेल तर पाण्यात जायच्या आधी त्याला हे सगळं हातानं उघडून दाखवा, त्याला खिशातलं शिसं ओढायची सवय असते.

सिंगल टँक ॲडॅप्टर लागतो का? अनेक विंग्जना आता मध्येच खाचा आणि दोन कडक नळ्या असतात, सिलिंडर त्यांच्यात बसतो, ॲडॅप्टर नाही लावला तरी डुलत नाही. तुमच्या विंगला त्या असतील तर ॲडॅप्टर फक्त वजन म्हणून घ्या, नको असेल तर सोडा. ॲडॅप्टरनं सिलिंडर पाठीपासून जरा लांब जातो तेही मला नाही आवडत. कॅम बँड दोन हवेत, बकल धातूचं असेल तर उत्तम, आणि बँड ओला करून मगच आवळायचा, नायलॉन ओलं झालं की ताणतं आणि कोरडा आवळलेला बँड पाण्यात जाऊन ढिला पडतो. आवळल्यावर प्लेट धरून सगळा सेट उचला, सिलिंडर सरकला तर परत आवळा.

तोंड पाण्यात जाण्याचं. विंगची हवा पाठीमागे असते, जॅकेटची बरगड्यांभोवती. वर आल्यावर सवयीनं विंग गच्च भरली की ती पाठीकडून वर ढकलते आणि तुम्ही पुढे कलता, एवढं खरं. उपाय असा की डोकं बाहेर राहील एवढीच हवा भरा, मागे रेला, फिन्स (पायातली वल्ही) पुढे घ्या. क्रॉच स्ट्रॅप नसेल तर विंग वर सरकते आणि माणूस खाली, त्यानं जास्त बुडल्यासारखं वाटतं. शिसं सगळंच मागे असेल तर थोडं कमरेच्या पुढच्या भागात आणा. एक-दोन डाइव्हमध्ये अंगवळणी पडतं. पण जॅकेट तोंड वर ठेवतं आणि विंग ठेवत नाही, असा जो समज आहे तो काढून टाका, बीसीडीसाठीचं युरोपियन मानक ईएन १८०९ स्पष्ट सांगतं की हे लाइफ जॅकेट नाही, तोंड वर राहण्याची हमी नाही. जॅकेटला पण नाही.

विंग फाटली तर, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही पण प्लेट निवडताना तोच सगळ्यात मोठा आहे. ३० मीटरवर, सुरुवातीलाच, विंग कामातून गेली. हवेचे पावणेतीन आणि सूटचे गेलेले तीन, तुम्ही पावणेसहा किलो जड. फिन मारून एवढं वर न्यायचं म्हणजे दम निघतो. बेल्टवरचे दीड-दोन किलो टाकले की चार राहिले, ते जमतं, आणि जसजसं वर याल तसा सूट परत फुगतो, काम हलकं होतं. म्हणूनच सगळं वजन पाठीवर नको म्हणतो मी. नेमकी उलटी बाजू पण बघा, सगळं वजन टाकून दिलं तर शेवटच्या मीटरांमध्ये थांबता येणार नाही, म्हणून थोडं पाठीवर असलेलं बरं. दोन किलोच्या आसपास सुटणारं आणि बाकी पाठीवर, हे ५ मिमीवाल्याला छान बसतं.

ट्रिमचं, म्हणजे पाण्यात आडवं राहण्याचं, थोडक्यात. प्लेटचं वजन कमरेवरून पाठीवर सरकतं त्यामुळे जॅकेटमध्ये पाय खाली जाणारे बरेच लोक आपोआप आडवे होतात. तरी पाय बुडत असतील तर सिलिंडर दोनेक इंच वर घ्या, किंवा वरच्या कॅम बँडवर छोटा खिसा लावून त्यात एक किलो टाका, बेल्टवरचंच, नवीन नाही. फिन्स जड रबरी असतील तर आधी त्याच संशयित.

पहिली डाइव्ह उथळ आणि शांत पाण्यात करा, तलाव मिळाला तर तलाव. वजनाची खरी चाचणी शेवटी, सुरुवातीला नाही: सिलिंडरमध्ये ५० बार उरलेले, ५ मीटरवर, विंग पूर्ण रिकामी, नेहमीसारखा श्वास. टिकलात तर वजन बरोबर. जोडीदाराकडे अर्धा-अर्धा किलोचे तुकडे देऊन ठेवा आणि तिथेच कमी-जास्त करा. ही चाचणी गोड्या पाण्यात केली असेल तर समुद्रात अडीच टक्के जास्त लागेल, तुम्ही आणि सामान मिळून १०० किलो असाल तर अडीच किलो, हे विसरलात तर समुद्रात पहिल्याच दिवशी खाली जाणार नाही. त्याच उथळ पाण्यात इन्फ्लेटरची होज पाण्याखाली काढून परत लावायचा सराव करा, हातमोजे घालत असाल तर हातमोज्यांसकट. मीठ साचून बटण अडकलं की विंग स्वतःच भरत राहते, तेव्हा होज काढणं हाच इलाज, आणि ते डोळे मिटून जमायला हवं.

धुण्याचं म्हणजे बाहेरून नाही, आतून. तोंडानं किंवा नळानं आत गोडं पाणी घाला, हलवा, उलटी करून खालच्या डंपमधून काढा, दोनदा. मग अर्धवट फुगवून सावलीत. जुनी घेत असाल तर प्लेट कितीही जुनी चालेल, विंग मात्र गच्च फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी तशीच हवी. सुरकुतलेली नळी हातानं ताणून वळ्यांमध्ये भेगा बघा आणि दोन्ही टोकांचे झिप टाय बघा.

आता ट्विन कराल तेव्हा. प्लेट पाठीवर तीच, सिलिंडरच्या दोन बँडचे बोल्ट त्याच २८ सेंटिमीटरच्या भोकांतून येतात आणि नट आवळला की झालं, ॲडॅप्टर आणि कॅम बँड दोन्ही निघतात. विंग दुसरी, साधारण १८ ते २७ किलोच्या मधली. पण वजनाचा हिशोब सगळा नव्यानं, कारण दोन १२ लिटरमध्ये नुसत्या हवेचेच साडेपाच-पावणेसहा किलो होतात. स्टीलचे ट्विन, स्टील प्लेट आणि वर ७ मिमीचा वेटसूट हे एकत्र करू नका, ३० मीटरवर विंग गेली तर बारा-तेरा किलो जड व्हाल, ते फिन मारून वर येत नाही आणि टाकायला काही नसतं. तिथे एकतर ड्रायसूट, म्हणजे उचलायला दुसरं साधन हाताशी, नाहीतर ॲल्युमिनियमचे ट्विन. तोपर्यंत सूट कुठला वापरत असाल आणि सिलिंडरचं मॉडेल काय ते कळवा, आकडे मांडून बघू, कदाचित तेव्हा ॲल्युमिनियमची प्लेट लागेल आणि ही स्टीलची सिंगलसाठी राहील.